चुलीचा तिसरा दगड

एका राज्यात जमीन माणसांना पाठीवरून ओळखत असे. कोण निजले, कोण उठून गेले, तिला सारे कळे. त्या राज्यात लोहारांचा एक तांडा बैलगाड्यांतून फिरे. चार दिवस एका माळावर, पाचव्या दिवशी पुढे. निघताना चुलीचे तिन्ही दगड काळ्या अंगाने मातीकडे पालथे घालायचे, अशी त्यांची रीत. मग जमीन समजे, माणसे जेवून गेली. वाटेत कुणी मेले, तर त्याची चूल त्याच्या रक्ताच्या माणसाने पालथी घालायची. तेव्हाच मेलेला उठे आणि आपल्या वाटेला लागे.

बोरमाळावर थावरू तापाने गेला. त्याचा धाकटा भाऊ सकऱ्या याने दोन दगड पालथे घातले. तिसरा अजून कोमट होता. तो त्याने थावरूच्या पटक्यात गुंडाळला आणि छातीशी बांधला. तांड्याची म्होरकी गोमाबाई हिने विचारले, तेव्हा म्हणाला, "घातले तिन्ही."

त्या दिवसापासून जमीन तांड्याला घेईना. खुंटी ठोकावी, तर माती ती थुंकून टाकी. जाळ पेटेना, बैल बसेनात. गाड्या कुठेही हाका, फिरून बोरमाळाच्याच कडेला येत. थावरूच्या बायकोचे, रेशमाचे, दिवस भरले होते. तीही गाडीला धरून चालतच राहिली. तिसऱ्या दिवशी तिला कळा सुरू झाल्या.

"टेकायला हातभर भुई मिळाली नाही, तर दोन्ही जीव जातील," गोमाबाई म्हणाली.

सकऱ्या कुणाला न सांगता थावरूच्या चुलीकडे पळत सुटला. वाटेत उघड्या मातीत टिटवी अंड्यांवर बसली होती. ती म्हणाली, "दगड एक तुझ्यापाशी, दोन राजापाशी. तीन एकत्र आल्यावाचून भुई कुणाला घेणार नाही."

झाले होते असे. राजाच्या मांत्रिकाने माळावर ती अर्धी चूल पाहिली. अर्ध्यावर सोडलेल्या गोष्टीचे सोने करता येते, हे त्याला ठाऊक होते. ते सोन्याचे दगड त्याने सिंहासनाखाली ठेवले, आणि राजाला बसताच येईना.

सकऱ्या राजवाड्यात पोचला, तेव्हा राजा दरबारात येरझारा घालत होता. सकऱ्याने त्याच्याबरोबर चालत चालतच दगड मागितले. मांत्रिक म्हणाला, "आधी तीन कामे. अंगणात खुंटी रोव, जाळ पेटव, हा बैल बसव."

कामे रोजचीच होती. खुंटी उडाली. ठिणगी विझली. बैल उभाच राहिला.

"लोहाराच्या पोरा, अक्कल भात्यात विसरलास काय?" मांत्रिक हसला.

राजाने सकऱ्याभोवती एक फेरी घातली. "छातीशी काय आहे?"

"भावाच्या चुलीचा दगड."

"अजून गरम आहे?"

सकऱ्याने दगडावर हात दाबला. मग म्हणाला, "माझ्याच अंगाने गरम राहतो, महाराज."

राजाने आणखी एक फेरी घातली. "मलाही हे सोने सोडवत नाही. उचल दोन्ही. माझे मन फिरायच्या आत उचल."

सकऱ्या धावला, मागोमाग राजाही. बोरमाळावर रेशमा जू धरून उभी होती, ओठ दातांत. सकऱ्याने दगड मांडले. तिसरा टेकताच सोन्याचे दोन्ही पुन्हा काळे झाले. त्याने ते दोन पालथे घातले. तिसऱ्यावर हात थांबला.

"भाऊजी," रेशमा म्हणाली, "ते माझेही होते. जाऊ द्या त्यांना."

"दादा, जेवण झाले," सकऱ्या म्हणाला. "निघ आता." आणि त्याने दगड पालथा घातला.

मातीत पावले उमटली. एक, दोन, मग पुष्कळ. टेकाड चढली आणि पलीकडे उतरली. बैल बसले. राजा होता तिथेच धुळीत मांडी घालून बसला आणि किती तरी वेळ उठला नाही. रेशमा खाली टेकली, भुईने तिला धरले. ऊन कलायच्या आत माळावर तान्ह्याचे रडणे ऐकू आले.

चार दिवस तांडा राहिला. पाचव्या दिवशी रेशमा तान्ह्याला घेऊन गाडीत बसली, तिची चूल सकऱ्याने पालथी घातली. गोमाबाईने काही विचारले नाही. वाकून तिन्ही दगड हाताने चाचपले आणि बैलांना हाक दिली. सकऱ्या गाडीपुढे चालू लागला, दोन्ही हात मोकळे.

भुईने त्यांना धरले, भुईने त्यांना सोडले. ऐकणाऱ्यांनाही ती तसेच धरो, वेळ आली की तसेच सोडो.