बंधाऱ्याची धार गढूळ झाली तेव्हा

एका माळरानातून एक लहान नदी वाहत असे, आणि त्या नदीवर काँक्रीटचा एक म्हातारा बंधारा उभा होता. उंची म्हणाल तर दोन पुरुष. अंगाला जागोजाग पोपडे आलेले, एका फटीतून पिंपळाचं रोप डोकावणारं, आणि बांधल्याचं साल जिथं कोरलं होतं तिथं इतकं शेवाळ, की ते साल आता कुणालाच वाचता येत नसे. पण म्हातारा पक्का होता हं! भर उन्हाळ्यातही त्याच्या पाठीशी पाणी असे. डाव्या काठाला, जिथं काँक्रीट संपून मातीचा भराव सुरू होई, तिथून करंगळीएवढी धार खाली झिरपत असे. गोट्यांमध्ये तिचं डबकं साचे आणि त्या डबक्यावर सगळ्यांचा उन्हाळा निघे.

डबक्याशेजारच्या गोट्यांत एका टिटवीची चार अंडी होती. आता टिटवी काही घरटं बांधत नाही, मुलांनो. ती गोट्यांत खळगा करते आणि गोट्यांसारखीच दिसणारी अंडी घालते. मग ती राखायची कशी? तर कुणी जवळ आलं, की ही बया अंड्यांपासून शंभर पावलं लांब जाते आणि तिथं आकांत मांडते. येणारा बिचारा तिकडेच शोधत बसतो. असा सगळा फसवाफसवीचा कारभार! त्यामुळे नदीकाठच्या लहानथोरांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. टिटवी जिथं ओरडते, तिथं काहीच नसतं.

त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात धार वाढली. करंगळीएवढी होती ती चार दिवसांत मनगटाएवढी झाली. मग काय विचारता! डबकं फुगलं, बेडूक नाचू लागले, आणि कावळा बंधाऱ्यावर बसून ओरडला, "अरे, म्हाताऱ्याला पान्हा फुटला!" एक माणूसही वही काखेत मारून येऊन गेला. त्यानं काठीनं काँक्रीट ठोकून पाहिलं. खणखणीत आवाज आला. मान डोलावून, वहीत काहीतरी लिहून तो चालता झाला. शेजारच्या मातीकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. काँक्रीट तपासायला आला होता ना तो!

एकटा खेकडा तेवढा गप्प होता. तो बंधाऱ्याच्या पायथ्याशी, त्या धारेतच राहत असे. त्यानं टिटवीला हाक मारली.

"टिटवीबाई, जरा इकडे या. माझे पाय दिसतात का?"

टिटवीनं वाकून पाहिलं. "नाही बाई. पाण्याखाली आहेत ना!"

"जन्मभर पाण्याखालीच आहेत. पण जन्मभर या धारेत माझे आठही पाय मला मोजता यायचे. आज एकही दिसत नाही. पाऊस नाही, पूर नाही, मग ही माती आली कुठून?"

"कुठून?"

"भरावाच्या पोटातून. पाणी जास्त आलं म्हणून घाबरू नये, बाई. पण ते माती घेऊन आलं, की समजावं आत कुणीतरी पोखरतंय. आज एवढंसं भोक आहे. उद्या भगदाड पडेल आणि वरचं सगळं पाणी एकदम खाली येईल." एवढं बोलून त्यानं नांगी गोट्यांकडे वळवली.

सकाळीच टिटवीला एका अंड्यातून बारीकशी टकटक ऐकू आली होती. पिल्लं बाहेर यायला अजून दोन दिवस हवे होते. अंडी चोचीत उचलून नेता येत नाहीत, आणि हा भराव दोन दिवस टिकेल असं खेकड्याला वाटत नव्हतं.

ती तडक भरावावर गेली. तिथं ताज्या तांबड्या मातीचा ढीग पडला होता आणि ढिगामागून एका घुशीच्या मिशा हलत होत्या.

"घुशीबाई, हे काय चालवलंय?"

"दिसत नाही का? घर वाढवतेय. पिल्लं मोठी झाली, त्यांना जागा नको?"

"अहो, बंधारा जाईल अशानं!"

"काहीतरीच तुमचं! बंधाऱ्याला मी नखसुद्धा लावलेलं नाही. बंधारा काँक्रीटचा, मी खणते मातीत. माझा त्याच्याशी काय संबंध?"

तेवढ्यात तिच्या पायाखालची माती खचली, आणि बिळाच्या तळातून बुळुक, बुळुक असा आवाज आला. घुशीचं तोंड उतरलं. "अगं आई गं!" म्हणत तिनं एकेक पिल्लू तोंडात धरून बाहेर काढलं आणि ती माळाकडे पळाली. बिळाकडे तिनं वळूनही पाहिलं नाही.

टिटवीनं पाण्याच्या बाजूला डोकावून पाहिलं. काठाला लागून बांगडीएवढा भोवरा फिरत होता. तिथून पाणी आत शिरत होतं. ते तोंड चिखलानं बुजवायला हवं होतं, आणि तेही ढीगभर चिखलानं. टिटवीच्या चोचीत किती चिखल मावणार? पण दुपार झाली होती, आणि दुपारी एक जाडजूड म्हैस या पाण्यात डुंबायला येत असे. आजही ती आली आणि मधोमध जाऊन बसली. डोळे मिटून रवंथही सुरू झालं.

टिटवी भोवऱ्यावर घिरट्या घालत जीव तोडून ओरडू लागली. "मावशी, इकडे या! इथं भोक पडलंय! इथं येऊन बसा!"

म्हशीनं एक डोळा उघडला. "ओरड बाई, ओरड. तू ओरडतेस तिथं काय असतं, ते मला माहीत आहे."

"काही नसतं!" बंधाऱ्यावरून कावळा म्हणाला आणि खो खो हसला.

"मावशी, शपथ घेऊन सांगते!"

"परवाही अशीच ओरडत होतीस. मी सगळा काठ हुंगला. गवताची काडीसुद्धा नव्हती तिथं." म्हशीनं डोळा मिटून घेतला.

भोवरा आता घागरीच्या तोंडाएवढा झाला होता. भरावाच्या कडेचं एक ढेकूळ सुटलं आणि गर्रकन फिरून आत गेलं. टिटवी रडकुंडीला आली. आयुष्यभर खोटं ओरडून जे राखलं, तेच आता त्या खोट्यापायी जाणार होतं. मग तिनं ओरडणं थांबवलं. हळूच म्हशीच्या शिंगावर येऊन बसली.

"मावशी, भोवऱ्याकडे नका येऊ. नुसत्या काठावर या. माझी अंडी कुठं आहेत ते दाखवते."

म्हशीचं रवंथ थांबलं. कावळ्याचं हसूही थांबलं. टिटवी आपल्या अंड्यांचा पत्ता सांगतेय? असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

म्हैस कुरकुरत भरावावर चढली आणि तिनं खाली पाहिलं. टिटवी गोट्यांत उतरली, थेट अंड्यांपाशी, आणि तोंडातून अवाक्षर न काढता बाजूला उभी राहिली. चार अंडी उन्हात उघडी पडली होती. त्यांच्यापासून हातभर अंतरावर तांबडं पाणी चढत होतं.

"अगं, खरंच की!" म्हैस म्हणाली. "चल, कुठं बसायचं ते सांग. पोरांचा ठावठिकाणा कुणी उगाच सांगत नाही."

पण अंडी कावळ्यानंही पाहिली होती. तो बंधाऱ्यावरून उतरून एका गोट्यावर आला. टिटवी घुटमळली. ती गेली नाही तर म्हशीला नेमकी जागा कोण दाखवणार? आणि गेली तर इथं कोण?

"तुम्ही जा, बाई," खेकडा पाण्यातून बाहेर येत म्हणाला. भर दुपारी, उघड्यावर! एरवी तो असं कधी करत नसे. तो अंड्यांवर चढून बसला आणि त्यानं दोन्ही नांग्या उगारल्या.

टिटवी उडाली. "डावीकडे, मावशी! अजून डावीकडे! आता तुडवा!" म्हशीनं चारही खुरांनी काठचा चिखल मळायला सुरुवात केली. भोवरा तिचा पाय ओढत होता. ती घाबरली, पण मागे हटली नाही. शेवटी तिनं सगळं अंग त्या चिखलावर टाकून दिलं. धप्प! काठाची माती घसरून तिच्या पोटाखाली गेली, आणि भोवरा फिरता फिरता थांबला.

खाली धार अजून तांबडीच होती. मग ती बारीक झाली. मग तुटक. मग नुसती थेंब थेंब. टिटवी घिरट्या घालत पाहत होती, आणि थोड्या वेळानं पुन्हा करंगळीएवढी, नितळ धार लागली.

ती गोट्यांत परतली तेव्हा कावळा उडून गेला होता. खेकडा अजून तिथंच होता. त्याची एक नांगी तुटली होती आणि त्याच्या पोटाखाली तीन अंडी होती.

"चौथं नाही राखता आलं, बाई," तो म्हणाला.

टिटवी खूप रडली. मग डोळे पुसून तीन अंड्यांवर बसली. "आणि तुमची नांगी?"

"येईल पुन्हा. आमच्यात येते."

दोन दिवसांनी तीन पिल्लं बाहेर आली आणि आल्या आल्या तुरुतुरु पळू लागली. कावळा बंधाऱ्यावर बसून सगळ्यांना सांगत होता, "काय मनगटाएवढी धार होती! या टिटवीनं तोडली!" बेडूक माना डोलावत होते. पिल्लं त्या बारीक धारेत चोची बुडवून पाणी पीत होती, आणि शेजारी खेकडा पुन्हा आपले पाय मोजत होता. आठच्या आठ दिसत होते.

तात्पर्य : फायदा अचानक वाढला, की तो किती वाढला हे मोजत बसू नये, तो कुणाला पोखरून येतोय, हे आधी पाहावं.