मुरमाळीची पाटी

"सगळ्यांच्या पाट्या रंगवून झाल्या. माझीच कोरी का, सर?"

शलाकाने विचारलं तेव्हा गव्हाणे सर बांधावर बसून ब्रश पुसत होते. निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली होती. पण कृषी महाविद्यालयाची रीतच होती. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ज्याचा सत्कार, त्याने तयार केलेलं वाण कॉलेजच्या शेतात पेरायचं, आणि ज्या गुरुजींनी त्याला पेरणी शिकवली त्यांनीच नावाची पाटी रंगवून द्यायची.

शलाकाची ज्वारी समोर छातीएवढी उभी होती. दहाला कुलगुरू येणार होते, आणि हे म्हातारे पत्रा मांडीवर घेऊन बसले होते.

"फेटा शोभतो तुला," सर म्हणाले.

"सर, वेळ नाहीये. नाव तेवढं लिहा."

"चाचण्या किती गावांत घेतल्यास?"

"सहा."

"सरासरी कितीची काढलीस?"

"...पाचांची."

सर ब्रश पुसत राहिले.

"मुरमाळीचे आकडे बाकीच्यांशी जुळेनात," ती भराभर बोलू लागली. "असं ठिकाण वगळता येतं. नियम आहे. तुम्हीच शिकवलात."

"हो. मीच." त्यांनी ब्रश रंगात बुडवला. "सहांत हलकी जमीन कुठे कुठे होती?"

"मुरमाळीलाच."

"आणि वाणाची शिफारस?"

तिने मान वळवली. हलक्या जमिनीसाठी. पत्रकावर तिच्या फोटोखाली तसंच छापलं होतं. मुरमाळीतलं चाचणीचं पीक गेलं तेव्हा तिने लोकांना सांगितलं होतं, पेरणीला उशीर झाला. लोकांनी विश्वास ठेवला. यंदा गावभर तिचंच बी पेरलं, वेळेवर. कणसं आली, दाणा भरला नाही.

"निम्मं गाव ऊसतोडीला गेलंय," सर म्हणाले. "मागे राहिलेली म्हातारी माणसं विकतच्या पिठाची भाकरी खातात. तीही एकवेळ."

"त्याला मी..."

सरांनी सावकाश, वळणदार अक्षरांत लिहिलं : शलाका वायकर. पाटी तिच्या हातात दिली. ती वाफ्यात रोवायला वाकली.

"इथे नाही. मुरमाळीत रोवायची."

"तिथे काय आहे, सर? चाऱ्याला कापून नेलेल्या पिकाची नुसती धसकटं."

"म्हणून तर. कुणाचं बी होतं, ते कळायला नको?"

"लोक मला सोडतील का तिथे?"

सरांनी पाटी परत मागून घेतली. तिच्या नावाखाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, स्वतःचं नाव लिहिलं.

मांडवातून लाउडस्पीकर बोलावत होता, सत्कारमूर्तींनी मंचावर यावं... शलाका फेट्याला हात लावून उभी राहिली.

सर गुडघा धरून उठले.

"मुरमाळीची एसटी साडेनऊला आहे. पाटी आडवी धर, रंग ओला आहे."