टिकलीला बघायचीय ताईची कबड्डी

एक होती उंदरी. तिचं नाव टिकली. होतीही टिकलीएवढीच!

तिची शेवंताताई गेली होती लांब, कबड्डी खेळायला. दोन झोपा झाल्या, तरी ताई घरी नाही! पण आज दुपारी ताई टीव्हीत दिसणार होती. टिकली सकाळपासून टीव्हीसमोरच. भाकरीचा तुकडासुद्धा तिथेच खाल्ला बाईसाहेबांनी!

आणि टीव्ही काय म्हणाला? खर्रर्र... खर्रर्र...

गेलं की हो कबड्डीचं चॅनल!

टिकली पळाली केबलवाल्या बेडूककाकांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"काका काका, माझी ताई कुठे गेली?"

"डरांव! केबलच्या कंपनीने आपलं कबड्डीचं चॅनल काढून टाकलं गं बाळा. दुसरं बघ. सापांचं लावू?"

"सापांचं? अगंबाई, नको!" टिकलीने भोकाडच पसरलं.

"बरं बरं, रडू नकोस. गच्चीवर टीव्हीची छत्री आहे ना, ती आभाळातून चॅनल पकडते. ती वळली, तर मी वायर लावीन."

टिकली गेली छत्रीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"वायर लागेना, ताईची कबड्डी दिसेना! छत्री छत्री, वळ ना!"

छत्री उताणी पडली होती. "कशी वळू? सगळे केबल बघायला लागले, मी बसले रिकामी. मग हौसाकाकूंनी माझ्यात कुरडया घातल्या वाळत. त्या उतरल्या, तर वळेन."

टिकली चढली छत्रीत. तुरुतुरु, तुरुतुरु.

"छत्री वळेना, वायर लागेना, ताईची कबड्डी दिसेना! कुरडयांनो कुरडयांनो, उतरा ना!"

"इश्श! आम्ही अजून ओल्या. आत्ता उतरलो तर मोडू. ऊन पडलं, तर उतरू."

टिकलीने मान वर केली.

"कुरडया उतरेनात, छत्री वळेना, वायर लागेना, ताईची कबड्डी दिसेना! उन्हा उन्हा, पड ना!"

"हा ढग बघ, कसा ठाण मांडून बसलाय! ढग सरला, तर पडेन."

टिकली चढली पाण्याच्या टाकीवर. तुरुतुरु, तुरुतुरु.

"ऊन पडेना, कुरडया उतरेनात, छत्री वळेना, वायर लागेना, ताईची कबड्डी दिसेना! ढगा ढगा, सर ना!"

"मला काय पाय आहेत? वारा उठला, तर सरेन."

वारा झोपला होता टाकीला टेकलेल्या पिंपळावर. घुर्रर्र... घुर्रर्र...

"ढग सरेना, ऊन पडेना, कुरडया उतरेनात, छत्री वळेना, वायर लागेना, ताईची कबड्डी दिसेना! वाऱ्या वाऱ्या, ऊठ ना!"

"अं? पान हललं, तर उठेन." आणि परत घुर्रर्र!

"वारा उठेना, ढग सरेना, ऊन पडेना, कुरडया उतरेनात, छत्री वळेना, वायर लागेना, ताईची कबड्डी दिसेना! पाना पाना, हल ना!"

पान म्हणालं, "कुणी फुंकर घातली, तर हलेन."

आता कुणाकडे जायचं? कुणी उरलंच नव्हतं. होती एकटी टिकली.

"फू!" पान हललं नाही. "फू फू!" पान ढिम्म!

टिकलीला ताईची फार आठवण आली. डोळे भरून आले हो पिल्लाचे.

पान हळूच म्हणालं, "तुझी ताई दम कसा धरते गं?"

टिकलीने डोळे पुसले. छाती फुगवली. केवढीशी ती छाती! आणि एका दमात सुरू झाली, "कबड्डीकबड्डीकबड्डीकबड्डीकबड्डी..."

पान हललं, सळसळ!
वारा उठला, सूं सूं!
ढग सरला, सर्रर्र!
ऊन पडलं, लख्ख!
कुरडया वाळल्या, उतरल्या डब्यात, खुळखुळ!
छत्री वळली, कर्रर्र!
काकांनी वायर लावली, खट्!

टिकली धावली खाली, तुरुतुरुतुरु! आणि टीव्हीत कोण?

ताई! धुळीने माखलेली. पाच जणींनी धरला होता तिचा पाय. ताई सरपटली, सरपटली, आणि तिने रेघ गाठली. जिंकली!

माइकवाल्या घुशीने विचारलं, "शेवंता, आता काय करणार?"

ताईला धाप लागली होती. ती म्हणाली, "घरी जाणार. माझी टिकली वाट बघत असेल."

टिकलीने टीव्हीच्या काचेला नाक लावलं.

"हो गं ताई," ती म्हणाली. "मी इथेच आहे."

इवलीशी टिकली, इवलीशी गोष्ट. आता पापा द्या बघू, मोठ्ठा!