गोदू कासारणीची सुटका

रत्नापूरच्या कोतवालाने चोरीच्या नुसत्या संशयावरून गोदू कासारणीला पकडलं, तेही न्यायाधीशांच्या हुकुमाशिवाय. दुसऱ्या दिवशी न्यायाधीशांनी त्याला जाब विचारला.

"हुकूम आणायला वेळच नव्हता, सरकार! बाई पळून गेली असती," कोतवाल मिशीला पीळ देत म्हणाला.

"खरं का, बाई?"

गोदूने हात जोडले. "सरकार, मी यांच्याच बाईसाहेबांना बांगड्या भरत होते. शेवटची बांगडी चढेपर्यंत कोतवालसाहेब ओसरीवर सुपारी कातरत बसले आणि मगच मला धरलं. आपली कचेरी तर समोरच्याच गल्लीत आहे!"

सगळी कचेरी खदखदून हसली. न्यायाधीशांनी गोदूला तिथल्या तिथे सोडलं. कोतवाल मान खाली घालून उभा राहिला आणि गोदू हसतमुखाने बाजाराकडे निघाली.