परमुलखी पाखराचं नाव

एका राज्यात, जिथे समुद्र कुणी डोळ्यांनी पाहिला नव्हता, नुसता देवळातल्या शंखाला कान लावून ऐकला होता, तिथे विजयपाळ नावाचा राजा होता. राजाची एक बारव होती, पायऱ्यापायऱ्यांनी पाताळापर्यंत उतरलेली, आणि बारवेची राखण करणारं एक घर होतं. घरात माणसं तीन. सासू म्हाळसाबाई, तिचा लेक रायबा आणि सून ठकू.

त्या घरची रीत अशी की पायरीवर पाऊल टाकण्याआधी वाकून तिला हात लावायचा आणि म्हणायचं, "माय, पाय ठेवते." कितीही घाई असो, घागर डोक्यावर असो, रीत चुकायची नाही.

आणि राज्याची रीत अशी की ज्याच्या दारात कुणी मरेल, त्याने मेलेल्याचं नाव, गाव, नातं मोठ्याने पुकारायचं. मग माणूस असो नाहीतर बैल. पुकारल्याशिवाय मेलेल्याला आग धरायची नाही, माती घ्यायची नाही.

ही बारव बांधली होती मडकोबा मांत्रिकाने, राजाच्या पणजोबासाठी, एका रात्रीत. मजुरी म्हणून त्याने सोनं मागितलं नाही, धान्य मागितलं नाही. म्हणाला, या बारवेवर ज्याला चुकीच्या नावाने पुकाराल, ते नाव आणि त्या नावाचे सगळे माझे, आणि पुकारणारा मिठाचा. ज्या दिवशी कुणी एखाद्या परक्याचं नाव, गाव, नातं तिन्ही खरी पुकारील, त्या दिवशी माझी अट सुटली. पणजोबा हसून हो म्हणाले. आपल्या माणसांची नावं कोण चुकतं?

तर एकदा मोठी वावटळ झाली. कौलं उडाली, झाडं आडवी झाली. सकाळी ठकू पाण्याला उतरली तर शेवटच्या पायरीवर एक पाखरू मरून पडलेलं. चोच पाण्यात बुडालेली. वरून राखी, पोटाला पांढरं. पंख अरुंद आणि असे लांब की घडी घातली तरी शेपटीच्या पुढे जावेत. पायाच्या बोटांना पडदा. आणि चोचीवर, कधी न पाहिलेली गोष्ट, दोन बारीक नळ्या, जणू बोरूचे तुकडे चिकटवलेत.

रायबा वरून म्हणाला, पांढरं पोट, पाण्याकाठी मेलंय, म्हणजे बगळाच की. ठकू म्हणाली, बगळ्याला असले पाय नसतात. रायबा म्हणाला, पाय भिजले की असेच दिसतात. राजवाड्याची घागर खोळंबली होती. त्याने काटक्या रचल्या आणि पुकारलं, "बगळा, आपल्याच तळ्याचा, बगळ्यांच्या कुळातला."

काटक्या पेटल्या नाहीत. तळ्याकाठी म्हशींच्या पाठीवर बसलेले बगळे जागच्या जागी नाहीसे झाले, म्हशी नुसत्या कान हलवत राहिल्या. बारवेचं पाणी खारट झालं. आणि रायबाने पाय उचलू पाहिला तर अंगठे उचलेनात. पांढरे, खरखरीत. मीठ झालेले.

राजा स्वतः आला. त्याने ओंजळभर पाणी चाखलं आणि थुंकलं. म्हणाला, "बाई, ही अट माझ्या पणजोबाच्या शब्दाने बांधली आहे. माझी तलवार तिला कापत नाही. मीठ डोळ्यांशी आलं की तुझा धनी संपला आणि माझं राज्य तहानेलं मेलं. काय हवं ते माग. घोडे देतो, शिपाई देतो."

ठकू म्हणाली, "शिपाई नकोत. माझ्या माणसावर पाऊस पडू देऊ नका."

राजाने डोक्यावरचं छत्र काढून रायबाच्या डोक्यावर धरायला लावलं आणि स्वतः उन्हात उभा राहिला.

ठकूने पाटीत कडुनिंबाचा पाला पसरला, त्यावर ते पाखरू निजवलं. ते कुजत नव्हतं. खरं नाव पुकारलं नव्हतं ना, माती त्याला शिवत नव्हती. म्हाळसाबाईंचं तोंड सुरू होतं. नवरा इथे मिठाचा खांब होतोय आणि ही मेलं पाखरू डोक्यावर घेऊन हिंडायला निघाली, आमच्या नशिबात सूनही अशी यायची होती. बोलता बोलता त्यांनी भाकऱ्या बांधल्या, वर चटणीचा गोळा ठेवला, आणि म्हणाल्या, "ओळख पटवल्याशिवाय येऊ नकोस."

"येत नाही, आत्याबाई," ठकू म्हणाली, आणि निघाली.

माळावर टिटवी अंड्यांवर बसली होती. ऊन असं की दगड तडकावेत. ठकूने पाटी खाली ठेवली आणि विचारलं, हे पाखरू कुठलं? टिटवी म्हणाली, "मी पाहून सांगेन. पण आधी मला पाण्याला जाऊन येऊ दे. सावली हलली तर अंडी शिजतील."

ठकू अंड्यांवर पदर धरून ओणवी उभी राहिली. टिटवी लवकर यायचं नाव घेईना. ठकूची पाठ भाजली, डोळ्यांपुढे पिवळं झालं. पदर हलला नाही. टिटवी आली, पंख झाडले, पाटीत डोकावली. मग पाखराचा पाय चोचीने उचलून पाहिला.

"हे पाय पार मागे लावलेत," ती म्हणाली. "यावर धड उभं राहता येत नाही. हा जमिनीचा नव्हे. ज्या पाण्याला पलीकडचा काठ नसतो, त्या पाण्यातलं याचं गाव. ज्या वाऱ्याने याला आणलं, त्याच्या तोंडाकडे चालत जा."

ठकू वाऱ्याला तोंड देऊन चालू लागली. भाकऱ्या संपल्या, पायातल्या वहाणा संपल्या. पुढे डोंगर आडवा आला. डोंगरात एकच खिंड होती आणि खिंडीत मडकोबा बसला होता, अवतीभवती मडकीच मडकी, तोंडं फडक्याने बांधलेली. गावोगावी अशाच अटी घालून चुकीच्या नावांनी कमावलेलं सगळं धन त्यात कोंडलेलं. एका मडक्यात पंख फडफडत होते. ठकूने ओळखलं, आपले बगळे.

मडकोबा गोड बोलला. म्हणाला, एवढी वणवण कशाला? राजहंस म्हणून पुकार, राजालाही मान. तू हो म्हण, तुझ्या नवऱ्याचं मीठ मी कंबरेखाली उतरवतो.

ठकूने जरा वेळ विचार केला. नवऱ्याचे अंगठे तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते. मग म्हणाली, "आणि मग राजहंस कुठे जातील?"

मडकोबाचा चेहरा उतरला. "तर मग या मडक्यांमधून चालत जा. ती विचारतील, मी कोण. एकालाही चुकीचं उत्तर दिलंस तर तू माझी."

ठकू चालू लागली. एक मडकं वाघासारखं गुरगुरलं, मी कोण? दुसरं बाळासारखं रडलं, मी कोण? ठकू प्रत्येकाला म्हणत गेली, मी तुला पाहिलेलं नाही, मला ठाऊक नाही. शेवटचं मडकं हुबेहूब रायबाच्या आवाजात म्हणालं, "ठकू, मी कोण गं?"

तिचे पाय थांबले. डोळ्यांना धार लागली. एक शब्द ओठांवर आला होता, तो तिने गिळला.

"पाहिल्याशिवाय सांगणार नाही," ती म्हणाली आणि खिंडीबाहेर पडली.

पुढे समुद्र होता. शंखात ऐकलेला तोच आवाज, पण एवढा मोठा. कलत्या उन्हात दूर पाण्यावर एक राखी पाखरू तरंगत होतं, वरून राखी, पोटाला पांढरं, चोचीवर नळ्या. ठकूने हाका मारल्या. ते काठाशी येईना. येणार कसं, जमिनीवर त्याला उभं राहता येत नव्हतं.

ठकूला पोहता येत नव्हतं. तिला एवढंच येत होतं, पायऱ्या उतरणं. तिने लुगडं खोचलं, पाटी डोक्यावर घेतली, पहिल्या लाटेपुढे वाकून पाण्याला हात लावला आणि म्हणाली, "माय, पाय ठेवते."

आजवर समुद्राला असं कुणी विचारलं नव्हतं. लोक आपले नावा घालत, जाळी टाकत. समुद्राने लाट मोडली नाही, तशीच आडवी धरली. ठकूने पाय ठेवला, लाट टणक लागली. दर लाटेला वाकत, दर लाटेला विचारत ती पाखरापाशी पोचली.

पाखरू मादी होतं. तिने विचारलं, "कुणाला आणलंस?"

"ठाऊक नाही. तेच विचारायला आले."

"राखी पाखरं पुष्कळ मरतात. माझाच कशावरून? पाटी उघडू नकोस. मला मेलेला दाखवू नकोस. तू काय पाहिलंस ते सांग."

ठकूने डोळे मिटले. वाटभर तिने त्याला पाहिलं होतं, स्वतःच्या लेकराला पाहावं तसं. म्हणाली, उजव्या पंखातलं एक पीस आखूड आहे. डाव्या पायाच्या पडद्याला खाच आहे, जुनी, भरून आलेली. आणि चोचीवरच्या दोन नळ्यांपैकी एकीचा कंगोरा उडालाय.

मादी लाटेबरोबर ठकूच्या अगदी जवळ आली.

"कंगोरा खेकड्याने उडवला," ती म्हणाली. "आमच्या बिळात शिरत होता तो. मी अंड्यावर होते. पिल्लू झालं तेव्हा हा त्याच्यासाठी मासे आणायला गेला, आणि वारा सुटला. पिल्लू मोठं होऊन उडून गेलं. मी रोज इथेच येते. कुठे पडला?"

"आमच्या बारवेत. चोच पाण्यात होती."

"गोडं पाणी?"

"गोडं."

"म्हणजे चाखून पाहिलं असणार," मादी म्हणाली. "हसला असेल. एवढासा समुद्र, आणि तोही अळणी."

मग तिने सांगायचं ते सांगितलं, आणि ठकूने ते पदराच्या गाठीत नाही, जिभेवर बांधलं. परतीच्या वाटेवर ती दुसरं काही बोलली नाही. मडकोबाने खिंडीतून हाक मारली, तिने मान वळवली नाही. टिटवीने पिल्लं दाखवली, तिने नुसते हात जोडले.

बारवेवर पोचली तेव्हा मीठ रायबाच्या नाकाशी आलं होतं. नुसते डोळे तेवढे जिवंत. राजा अजून छत्राविना उभा होता आणि म्हाळसाबाई लेकाच्या पायांशी बसून कावळ्यांना हाकलत होत्या. आभाळ भरून आलं होतं.

ठकूने पायरीला हात लावला, पाय ठेवला, पाखरू काटक्यांवर निजवलं. पाखराचं तोंड समुद्राकडे केलं. आणि पुकारलं, "वारंग, काठ नसलेल्या पाण्यातल्या धुरकट खडकाचा, तरंगीचा नवरा!"

काटक्या आपण होऊन पेटल्या. बारवेने खोल श्वास सोडल्यासारखा आवाज केला आणि पाणी गोड झालं. दूर डोंगरात मडकी फुटल्याचा कडकडाट इथवर ऐकू आला, आणि तळ्याकाठच्या म्हशींच्या पाठींवर बगळे पुन्हा होते तिथे बसलेले दिसले, जणू कुठे गेलेच नव्हते. मडकोबापाशी एक रिकामं मडकं तेवढं उरलं. त्यात डोकं घालून तो विचारत राहिला, मी कोण, आणि उत्तर द्यायला कुणी नव्हतं.

रायबाच्या अंगावरचं मीठ ढलप्याढलप्यांनी गळून पडलं. त्याने आधी पाय हलवून पाहिले, मग बायकोकडे पाहिलं. म्हणाला, "बगळा नव्हता तर."

"नव्हता," ठकू म्हणाली.

राजाने दवंडी पिटवली की यापुढे परका कुणी दारात आला, जिवंत असो की मेलेला, आधी त्याला त्याचं नाव विचारायचं, आपलं चिकटवायचं नाही. आणि पुकारण्याचा मान त्याने ठकूच्या घराला पिढ्यानपिढ्यांचा दिला. पुढे त्या घरात लेकरं झाली, बारव कधी आटली नाही, आणि दर वावटळीनंतर एक राखी पाखरू वरून एक घिरटी घालून माघारी जाऊ लागलं.

गळालेलं मीठ म्हाळसाबाईंनी झाडून रांजणात भरलं होतं. ते कधी सरलं नाही. रोज आमटीत चिमूट टाकताना त्या सुनेला म्हणत, "इतकी वर्षं पोराने माझं मीठ खाल्लं, आता मी त्याचं खाते. वाढ गं, ठकू, आधी तुझ्या पानात वाढ."