मशीनची उचकी

मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी बंदरावरच्या हसन मिस्त्रीला काढून टाकलं. कारण काय, तर तो त्यांना वाकून नमस्कार करत नसे. त्याच्या जागी त्यांनी आपला मेव्हणा मेकॅनिक म्हणून बसवला. मेव्हण्याचा हात लागला आणि धाकू नाखवाच्या बोटीचं मशीन भर समुद्रात उचक्या देऊ लागलं.

धाकूची बायको चांगुणा काळजीनं साहेबांकडे गेली. "साहेब, माणूस घरी परत येईल असा मेकॅनिक द्या."

साहेब चारचौघांत हसले. "मशीन ठणठणीत आहे गं! कुणी आठवण काढली की उचकी लागायचीच. तू घरी बसून आठवण काढू नकोस, म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी चांगुणा स्वतःच बोटीत बसली आणि साहेबांनाही बोलावलं. मशीन ठणठणीत म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. खाडीच्या तोंडाशी मशीननं उचकी दिली. साहेबांनी कठडा घट्ट धरला.

"मी तर इथंच आहे, साहेब. मग आठवण कोण काढतंय?"

"मला काय ठाऊक?"

"ज्याला तुम्ही काढून टाकलंत, तोच काढत असणार. बरोबर माणसाचं नाव घेतलं की उचकी थांबते. घ्या नाव."

बोट जोरात हेलकावली.

"हसन मिस्त्री!" साहेब ओरडले. "बोलवा रे त्याला!"

मिस्त्री आला. धाकूची बोट एका सुरात समुद्रावर गेली.

संध्याकाळी उचकी लागली ती चांगुणाला. आठवण कोण काढतंय हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण नवऱ्याचं नाव ती कधी घेत नसे. मग उचक्या देत देतच तिनं भाताला आधण ठेवलं.