केसरच्या सैल बांगड्या

एका बाजारगावात चंद्राबाई नावाची एक कासारीण राहत होती. तिला केसर ही एकुलती एक लेक. केसर तिशीला आली, पण तिची समज लहानपणीच थांबली होती. चारच्या पुढे तिला मोजता येत नसे. बांगड्यांचे रंग जुळवावेत मात्र तिनेच!

चंद्राबाईचे गुडघे गेले, नजर अधू झाली, तसा तिच्या जिवाला घोर लागला. आपल्यामागे या पोरीला कोण? शेजारच्या गावात यमुनाताई अशा, वयाने मोठ्या पण समजेने लहान राहिलेल्या माणसांसाठी एक घर चालवत. सातआठ जण तिथे एकत्र राहत, आपापली कामं शिकत. चंद्राबाई मन घट्ट करून केसरला तिथे घेऊन गेली. पण दारात तिचा धीर सुटला. तिने लेकीच्या हातात चार सैल बांगड्या चढवल्या आणि म्हणाली, "रोज संध्याकाळी एक काढून ठेव. सगळ्या संपल्या की तुला न्यायला येते."

पाचव्या दिवशी केसर गाठोडं घेऊन पायरीवर बसली. चंद्राबाई आली, ती नव्या चार बांगड्या घेऊनच. पुढच्या खेपेलाही तेच. खरं बोलणं तिच्या ओठांवर येई आणि लेकीचं तोंड पाहिलं की विरून जाई. केसर कुणाशी बोलेना, गाठोडं सोडेना, पोटभर जेवेना. पार वाळून गेली.

"मावशी," यमुनाताई म्हणाल्या, "तुमची लेक इथे राहत नाही. नुसती वाट बघते."

चंद्राबाई पायरीवर गेली. ती केसरशेजारी बसली. "केसर, मी खोटं बोलले गं. मी थकले. आता तुझं घर हेच. दर बाजाराच्या दिवशी मी भेटायला येईन, पण न्यायला नाही."

केसरने हातातल्या नुकत्याच भरलेल्या बांगड्या काढून आईच्या मांडीवर टाकल्या आणि पाठ फिरवली. कासारणीच्या लेकीचे हात भुंडे! चंद्राबाई रडतच घरी गेली. आठवडाभर तिला घास गोड लागला नाही. पोर उपाशी तर नसेल? खरं बोलून आपण तिला कायमची गमावली तर?

बाजाराच्या दिवशी ती नको नको ते मनात आणत पोचली. पायरीवर केसर नव्हती. भिंत धरत ती आत शिरली. गाठोडं सुटलं होतं, केसरची साडी खुंटीवर होती, आणि केसर चुलीपुढे बसून भाजी ढवळत होती.

"केसर!"

"आई, थांब. भाजी करपेल."

चंद्राबाई पायरीवर जाऊन बसली. आता वाट बघायची पाळी तिची होती. बऱ्याच वेळाने केसर हात पुसत आली आणि तिने मनगट पुढे केलं.

"भर. पण घट्ट भर. आता काढायच्या नाहीत."

तात्पर्य: आपल्या माणसाला नव्या घरात रुजवायचं असेल, तर त्याला खोट्या आशेवर झुलवत ठेवू नये; खरं ऐकून ते रडेल, रुसेल, पण त्यानंतरच तिथे पाय रोवेल.